स्टाइलशीटची साक्ष

संगणकाच्या पडद्यावर एखादे पान उमटते तेव्हा वाचकाच्या दृष्टीस पडतो तो त्यावरील मजकूर. परंतु त्या मजकुराचा रंग कोणता असावा, अक्षर केवढे असावे, दोन ओळींत अंतर किती सुटावे आणि मुख्य म्हणजे कोणत्या घडणीच्या अक्षरांत तो उमटावा, या सर्व बाबींचा निवाडा त्यापूर्वीच, वाचकाला यत्किंचितही चाहूल न लागता, ब्राउझरच्या अंतरंगात होऊन गेलेला असतो. ज्या नियमांच्या आधारे हा निवाडा होतो त्यांचे दप्तर म्हणजे स्टाइलशीट. या दप्तराविषयी सर्वसाधारण समजूत अशी आहे की तो पानाचा शृंगार असून काढून घेतला तरी मजकुराला धक्का लागत नाही. इंग्रजीपुरती ती समजूत खरीही आहे. परंतु नाशिकला राहून संकेतस्थळे घडविण्याचा व्यवसाय करीत असता मराठीच्या एका विशिष्ट कालखंडातील पानांशी माझा जो संबंध आला, त्यात ती मुळापासून खोटी ठरली. तेथे मजकूर मराठी आहे याचा एकमेव दाखला त्या दप्तरात होता, आणि ते न वाचता रद्दीत काढणे म्हणजे मजकूरच गमावणे होते. या कामाचा वृत्तांत लिहून ठेवावा असे मला वाटते, कारण तशी पाने महाराष्ट्रातील अनेक संस्थांच्या संग्रही अद्याप पडून आहेत आणि ती वाचविण्याची रीत कोणाही कष्टाळू माणसाच्या आवाक्यातली आहे.

अक्षराशी नाशिकचे नाते जुने आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. नाशिक रोडची करन्सी नोट प्रेस १९२८ पासूनची. आणि ज्यांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो ते तात्यासाहेब शिरवाडकर याच गावचे रहिवासी. अशा गावी नियतकालिके, दिवाळी अंक आणि व्याख्यानमाला यांची परंपरा रुजली नसती तरच नवल. अशाच एका जुन्या नियतकालिकाच्या चालकांनी आपल्या संकेतस्थळावरील पूर्वीचे अंक नव्या रूपात आणण्याचे काम आमच्या गंगापूर रोडवरील लहानशा कार्यालयाकडे सोपविले. ते अंक विसावे शतक सरून एकविसावे उजाडण्याच्या सुमाराचे होते. त्यांत स्थानिक इतिहासावरील टिपणे होती, गोदाकाठच्या व्याख्यानांचे वृत्तांत होते, द्राक्षबागाइतदारांच्या मुलाखती होत्या आणि दिवंगत शिक्षकांवर त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले मृत्युलेख होते. यांपैकी कित्येकांची छापील प्रत कोणाजवळच उरलेली नव्हती. आणि ही पाने मोबाइलवर उघडून पाहावीत तो रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे, चौकटी कंस आणि उद्गारचिन्हे यांची निरर्थक रांग तेवढी दिसे. चालकांची समजूत झाली होती की फाइली बिघडल्या. वस्तुतः फाइली जशाच्या तशा होत्या; त्यांच्याकडे पाहण्याचे साधन तेवढे हरवले होते.

हे समजून घेण्यासाठी त्या काळची वहिवाट ध्यानात घ्यावी लागते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते हे खरे, आणि र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला हेही खरे. तथापि बहुसंख्य कार्यालयांतील यंत्रे त्याहून जुनी होती आणि मराठी पान जालावर चढविण्याचा रूढ मार्ग निराळाच होता. फॉन्टच्या फाइलीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे सुटे अवयव बसवीत. एका कळीवर काना, दुसरीवर अर्धा म, तिसरीवर रफार. शिवाजी, सी-डॅकचा डीव्हीबी-टीटीयोगेश, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीतील फॉन्ट, अशी अनेक घराणी प्रचारात होती आणि प्रत्येकाची अवयवांची वाटणी निराळी होती. म्हणजे फाइलीत साठविले जाई ते रोमन चिन्हांचे सांकेतिक लेखन, आणि ते मराठी होई ते वाचकाच्या यंत्रावर तोच फॉन्ट असेल तेव्हा. फॉन्ट वाचकापर्यंत पोहोचविण्याची सोयही १९९७ च्या सुमारास निघाली होती. इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीसाठी एका जातीची फाइल, तर नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीसाठी बिटस्ट्रीम कंपनीच्या पद्धतीची दुसरी. पुढे ते ब्राउझर मागे पडले, हातातल्या फोनवर फॉन्ट बसविण्याची सोय नव्हती, आणि ती पाने मुकी झाली. या वहिवाटीला आज दूषण देणे मला प्रशस्त वाटत नाही. तिच्यामुळेच तर ते लेखन झाले आणि शिल्लक राहिले.

युनिकोडमध्ये हा मजकूर उतरवून घ्यावयाचा तर प्रथम एका प्रश्नाचे उत्तर हवे: कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये लिहिला आहे? मजकूर स्वतः ते सांगू शकत नाही, कारण रोमन चिन्हांची तीच रांग एका फॉन्टमध्ये एक शब्द होते, दुसऱ्यात दुसराच काही गोंधळ होते आणि तिसऱ्या ठिकाणी ती खरोखरच इंग्रजी असते. उत्तर होते ते स्टाइलशीटच्या एका ओळीत, जेथे अमुक वर्गाच्या परिच्छेदांना अमुक फॉन्ट लावावा असा हुकूम नोंदविलेला होता. म्हणून मी त्या दप्तराकडे वळले. आणि ते डोळ्यांनी चाळत बसण्यापेक्षा ब्राउझरकडूनच जावास्क्रिप्टच्या साहाय्याने वाचवून घ्यावे असे ठरविले, कारण पाने पुष्कळ होती, शीटा एकमेकींवर लादलेल्या होत्या, आणि अखेरचा अधिकार कोणत्या नियमाचा हे ब्राउझरहून अधिक अचूकपणे कोणीच सांगू शकत नाही.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. स्टाइलशीटची ही कल्पना नॉर्वेचे होकॉन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये, जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत असताना मांडली. नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी तिची पहिली संहिता अधिकृतपणे जाहीर झाली. या संहितेचे मर्म असे की एकाच घटकाविषयी अनेक नियम एकाच वेळी अमलात असू शकतात आणि त्यांच्यात तंटा उद्भवल्यास सरशी कोणाची व्हावी याचीही तजवीज तीत केलेली आहे. नियम कोणाचा, ब्राउझरचा, वाचकाचा की पान रचणाऱ्याचा. तो निकडीचा म्हणून नोंदविला आहे काय. त्याचा रोख किती नेमका आहे. आणि हे सर्व समसमान ठरल्यास, क्रमाने मागाहून कोण आला. या पायऱ्यांनी फैसला होतो. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट रचली ती १९९५ मध्ये. परंतु तिच्या द्वारे या नियमांना एकेक करून हात लावण्याचा सर्वमान्य मार्ग डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने नोव्हेंबर २००० मध्ये नमूद केला. तोवर ज्याने त्याने आपापली रीत पाडलेली होती, आणि त्याचे परिणाम आम्हांला पुढे दीर्घकाळ सोसावे लागले.

ब्राउझरचा कन्सोल उघडून डॉक्युमेंटकडे त्याच्या स्टाइलशीट्स मागितल्या म्हणजे त्यांची क्रमवार यादी हाती येते. प्रत्येक शीट कोणत्या फाइलीतून आली, ती पडद्यासाठी आहे की छपाईसाठी, सध्या अमलात आहे की स्थगित, या नोंदी तिच्यावर असतात, आणि सीएसएसरूल्स या नावाखाली प्रत्यक्ष कलमे असतात. साध्या कलमाचे दोन भाग: हुकूम कोणाला लागू आहे हे सांगणारा सिलेक्टर, आणि हुकमाचा तपशील. परंतु सर्वच कलमे साधी नसतात. नाशिकच्या जुन्या वाड्यात दिंडीतून आत शिरावे तो एक चौक लागतो आणि त्याच्यामागे दुसरा, तसेच काही कलमांच्या पोटात आणखी कलमे असतात. पडद्याच्या रुंदीची अट घालणारे मीडिया कलम उघडल्याखेरीज त्यातील नियम दिसत नाहीत, आणि दुसरी फाइल ओढून आणणारे इम्पोर्ट कलम तर आपल्यासोबत एक अख्खी शीट घेऊन येते. म्हणून वाचणारे फंक्शन असे लिहावे लागते की आत कलमे आढळली की ते स्वतःलाच पुन्हा बोलावील आणि शेवटच्या चौकापर्यंत जाऊन येईल. फॉन्टची फाइल कोठे आहे हे सांगणारे फॉन्ट-फेस कलमही यातच सापडते; आजचा ब्राउझर त्या जुन्या जातीची फाइल वापरू शकत नाही, परंतु तिचे नाव मात्र इमाने जपून ठेवतो, आणि त्या नावावरून फॉन्टचे घराणे ओळखता आले.

एक अडथळा आरंभीच येतो, त्याची वाच्यता केली पाहिजे. संग्रहाच्या फाइली डिस्कवर उतरवून त्यांवर दोनदा टिचकी मारून त्या क्रोममध्ये उघडल्या की पान दिसते, रंगही दिसतात, पण कलमे मागितली की सुरक्षेचे कारण देऊन ब्राउझर साफ नकार देतो. डिस्कवरची प्रत्येक फाइल तो परक्या हद्दीतली समजतो, आणि परक्या हद्दीतील शीट पानाला लागू होऊ शकते, तथापि स्क्रिप्टला ती वाचण्याची मुभा नसते. हा दंडक योग्यच आहे. एरव्ही कोणतेही पान दुसऱ्याच्या खाजगी फाइली वाचू शकले असते. उपाय असा की आपल्याच यंत्रावर एक लहानसा सर्व्हर चालू करावा आणि पान व शीट दोन्ही एकाच पत्त्यावरून मागवावीत. जेथे शीट खरोखरच दुसऱ्या ठिकाणाहून येते, तेथे त्या ठिकाणाने तशी परवानगी पाठवावी लागते आणि आपल्या दुव्यावर क्रॉसओरिजिन हा गुणधर्म नोंदवावा लागतो.

कलमांची फेरिस्त तयार झाली तरी काम अर्धेच होते. एखाद्या परिच्छेदाला तीन नियम लागू आहेत हे कळले, तरी अखेर कोणता टिकला हे निराळे विचारावे लागते, आणि त्यासाठी गेटकॉम्प्युटेडस्टाइल हे फंक्शन आहे. ते घटकाचा अंतिम निकाल सांगते, मग तो शीटमधल्या कलमाने ठरलेला असो, घटकावरच लिहिलेल्या स्टाइलने असो, वा त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फॉन्ट या टॅगने असो. निकाल मिळतो, कारणे मिळत नाहीत. कारणे हवी असल्यास प्रत्येक कलमाचा सिलेक्टर घेऊन हा घटक त्यात बसतो काय असे मॅचेस या फंक्शनला विचारीत पुन्हा फेरिस्तीतून जावे लागते. या दोहोंची मला सारखीच गरज पडली. निकालावरून तुकड्याचा फॉन्ट कळे. कारणांवरून हे कळे की तोच नियम आणखी कोणकोणत्या पानांवर अंमल गाजवीत असेल, आणि म्हणून एका पानाचा उलगडा शेकडो पानांच्या उपयोगी पडे.

एक उदाहरण जवळून दाखविते. एका मृत्युलेखाच्या पहिल्याच परिच्छेदात दिवंगत शिक्षकांच्या पदवीचा उल्लेख इंग्रजीत होता आणि उर्वरित मजकूर डीव्हीबी-टीटीयोगेशमध्ये. संपूर्ण परिच्छेद आंधळेपणाने रूपांतरित केला असता तर पदवीच्या जागी दोन-तीन विद्रूप जोडाक्षरे उमटली असती आणि कोणाला संशयही आला नसता, कारण मृत्युलेख मराठीच दिसला असता. परंतु त्या इंग्रजी अक्षरांभोवती एक स्पॅन होता, त्याला निराळा वर्ग होता, आणि शीटच्या तळाशी त्या वर्गाला एरिअल लावण्याचा एका ओळीचा नियम होता. लेख टंकणाऱ्या कोणा अनाम व्यक्तीने त्या काळी एवढी काळजी घेतली होती, आणि तिच्या त्या एका ओळीमुळे मराठीची हद्द कोठे संपते ते मला अचूक कळले. त्यानंतर मी नियम असा केला की परिच्छेद हा घटक धरावयाचा नाही. मजकुराचा लहानात लहान तुकडा घ्यावयाचा, त्याच्या लगतच्या वेष्टनाचा अंतिम फॉन्ट विचारावयाचा, आणि मगच त्याला हात लावावयाचा.

रूपांतर करताना आपल्या लिपीची घडण नव्याने समजते. जुन्या फॉन्टमध्ये लेखन डोळ्यांना दिसते त्या क्रमाने साठविलेले असे. ‘शिव’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि श नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो, म्हणून श आधी आणि वेलांटी मागाहून. ‘मूर्ती’ या शब्दातील रफार जुन्या फाइलीत अगदी शेवटी सापडे, कारण तो टंकताना शेवटी चढवीत. युनिकोडमध्ये तोच पायमोडका र होऊन त च्या आधी जाऊन बसतो. म्हणजे केवळ चिन्हाऐवजी चिन्ह ठेवून भागत नाही; अक्षर पुरते कोठे होते ते ओळखून अवयवांची फिरवाफिरव करावी लागते, आणि फॉन्टचे घराणे चुकले तर ही सारी फिरवाफिरव व्यर्थ जाते. पडताळ्यासाठी आम्ही विंडोज एक्सपी चालणारे एक जुने यंत्र मुद्दाम राखून ठेवले होते. त्यावर मूळ पान मूळ ब्राउझरमध्ये उघडून शेजारच्या पडद्यावर नवे पान ठेवायचे आणि ओळ ओळीशी ताडून पाहायची.

त्या जुन्या यंत्रावर कलमे वाचण्याची परिभाषाही जुनी होती. इंटरनेट एक्स्प्लोररच्या २०११ मधील नवव्या आवृत्तीपूर्वी सीएसएसरूल्सचे नाव तेथे ठाऊक नव्हते. तेथे ‘रूल्स’ असे म्हणावे लागे, नियम घालण्याचे व काढण्याचे शब्दही निराळे होते, टॅगांची नावे मोठ्या लिपीत मिळत, आणि स्वल्पविराम देऊन दोन सिलेक्टर एकत्र लिहिलेले कलम दोन स्वतंत्र कलमे म्हणून मोजले जाई. म्हणून दोन यंत्रांवरील फेरिस्ती क्रमांकाने जुळविता येत नसत. नीट वागणारी स्क्रिप्ट ब्राउझरचे नाव विचारीत नाही. ती वस्तू येथे आहे काय एवढेच विचारते, असली तर वापरते, नसली तर दुसरी शोधते. ब्राउझर बदलत गेले, नावे फसवी ठरली, परंतु या रीतीने लिहिलेली स्क्रिप्ट टिकून राहिली.

मजकूर वाचनीय झाला, तो नव्या संकेतस्थळावर चढला, आणि मग त्याच स्टाइलशीटविद्येचा दुसरा उपयोग पुढे आला. नियतकालिकाचे एक वयोवृद्ध मुद्रितशोधक होते. उमेदीच्या काळात त्यांनी खिळे जुळविण्याचेही काम केले होते. आम्ही सर्व त्यांना काका म्हणत असू. नवे पान पाहावयास ते कार्यालयात आले, चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ झुकले आणि मथळ्यावर बोट ठेवून म्हणाले, “ताई, मजकूर झकास आलाय, पण ह्या मथळ्याची शिरोरेघ तुटलीय बघा. खिळ्यांमध्ये कुणी शिसं भरल्यासारखं दिसतंय.” मी म्हणाले, “काका, हा साचा इंग्रजीसाठी बनवलेला आहे. त्यात अक्षरांमध्ये अंतर सोडायची पद्धत आहे.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “मग त्याला सांगा ना, आमची अक्षरं हात धरून उभी असतात म्हणून.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांच्यात थोडे अंतर घातले तर मथळा भारदस्त दिसतो. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात, तेच अंतर त्यांच्यात घातले की रेषेचे तुकडे पडतात आणि शब्द डोळ्यांना एकसंध लागत नाही. लेटर-स्पेसिंग देणारी सर्व कलमे शोधून काढण्यास मी जुनीच फेरिस्त करणारी स्क्रिप्ट वापरली, आणि त्याच दमात आणखी तीन प्रकारांची कलमे टिपली. पहिला प्रकार ओळींची उंची आवळणाऱ्यांचा: ‘मूर्तींचे’ या शब्दात रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या माथ्यावर येतात, खाली उकार असतो, आणि रोमनच्या मापाने ठरविलेल्या चौकटीत बाहेर जाणारा भाग कापावा अशी आज्ञाही असेल तर अनुस्वार छाटला जाऊन अर्थच पालटतो. दुसरा प्रकार तिरक्या अक्षरांचा: देवनागरी फॉन्टला बहुधा स्वतंत्र तिरका साचा नसतो, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरच बळे कलते करतो. तिसरा प्रकार परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करणाऱ्या नियमाचा: तो ‘स्त्री’सारख्या जोडाक्षरावर आला की कित्येक ब्राउझर अक्षराच्या मध्येच सीमा आखीत.

दोष सापडल्यावर तो मिटविण्याचे दोन मार्ग असतात. एक असा की शीटच्या शेवटी निकडीचा शेरा मारलेले नवे हुकूम जोडीत जावे; त्याने तात्काळ गुण येतो, परंतु दप्तरात परस्परविरोधी हुकमांची भर पडते आणि पुढे काम करणाऱ्यास कोणता खरा हे उमगत नाही. दुसरा असा की ज्या कलमाने दोष उत्पन्न झाला त्याच कलमापाशी जाऊन ते दुरुस्त करावे. मी दुसरा पत्करला. काकांना शेजारी बसवून इन्सर्टरूलने एकेक तात्पुरता नियम पडद्यावरच्या पानात घालावयाचा, त्यांनी पाहून पसंती द्यावयाची, आणि मग तो मूळ फाइलीत लिहावयाचा, असा क्रम चालला. येथे एक बारकावा सांगून ठेवते. इन्सर्टरूलला जागा सांगितली नाही तर नवा नियम शीटच्या आरंभी जाऊन बसतो, आणि मागाहून येणाऱ्या तुल्यबळ नियमापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून एकूण कलमांची संख्या हीच जागा म्हणून द्यावी, म्हणजे तो शेवटी बसतो. काढताना उलट: यादी जिवंत असते, एक कलम काढले की पुढची सर्व एकेक घर मागे सरकतात, यास्तव शेवटाकडून आरंभाकडे काढीत यावे, नाहीतर दर वेळी एक कलम नजरेतून निसटते.

अंतिम दुरुस्ती अगदी साधी झाली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर भाषा मराठी असल्याची नोंद केली आणि लॅंग या सिलेक्टरच्या आधारे मराठी मजकुरापुरते अक्षरांमधले अंतर शून्य केले, ओळींची उंची वाढविली आणि कृत्रिम तिरकेपणास मनाई केली; इंग्रजी तुकड्यांना साच्याचे मूळ नियम तसेच राहू दिले. या भाषेच्या नोंदीचा आणखी एक लाभ पदरात पडला. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा लिहितात, हिंदीत त्यांची वळणे निराळी आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय आहे तो पानाची भाषा पाहून त्यांतले योग्य ते निवडतो. नोंद नसेल तर तो बहुधा हिंदी वळण देतो. मथळ्यातील ल बदललेला पाहताच काकांनी काही न बोलता मान डोलावली, आणि त्या दिवशी आणखी कोणाच्या पसंतीची मला गरज वाटली नाही.

या साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. फॉन्टविषयी ब्राउझर सांगतो ती मागणीची यादी. प्रत्यक्षात कोणत्या फॉन्टने अक्षर काढले हे तो स्क्रिप्टला सांगत नाही. पहिले नाव रोमन फॉन्टचे असेल तर देवनागरीसाठी तो यादीतून खाली उतरत जातो आणि शेवटी यंत्राजवळ जो असेल तो घेतो. म्हणून एकच शीट एका ठिकाणी मंगल दाखविते, दुसऱ्या ठिकाणी निर्मला, तिसऱ्या ठिकाणी कोहिनूर. याचा अदमास घेण्याची जुनी युक्ती अशी की एक लांबलचक शब्द प्रथम ठाऊक असलेल्या फॉन्टमध्ये आणि मग संशयित फॉन्टमध्ये रेखून दोहोंची रुंदी मोजावी. रुंदी बदलली तर फॉन्ट तेथे आहे. यासाठी शब्द देवनागरीच घ्यावा लागतो आणि त्यात जोडाक्षरे असावी लागतात, कारण रोमन शब्दाच्या रुंदीवरून मराठी वाचकाच्या पडद्यावर काय उमटले याचा काहीही बोध होत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर आहे. सांकेतिक फॉन्टमधील पान शोधयंत्राला सापडत नाही. त्याच्या लेखी ते मराठी नसतेच. दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र ते पान घेऊन बसले तर त्याला डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हे यांची नावे मोठ्याने वाचून दाखविते. दिवंगत शिक्षकावरील विद्यार्थ्याचा लेख त्याच्या कानी कधीच पडत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, त्याचा आनंद मलाही झाला. परंतु भाषेचे दस्तऐवज प्राचीनच असावे लागतात असे नाही. पंचवीस वर्षांपूर्वी कोणी नाशिककराने आपल्या गावाविषयी लिहिलेले पान वाचता येईनासे झाले, तर तीही त्या भाषेची हानीच होय, आणि ती टाळण्यास ताम्रपट उकलण्याइतकी विद्वत्ता लागत नाही. दप्तर नीट वाचण्याची तयारी लागते.

म्हणून ज्या वाचनालयांजवळ, महाविद्यालयांजवळ व नियतकालिकांजवळ अशी जुनी पाने आहेत त्यांना माझी आग्रहाची विनंती अशी आहे की संकेतस्थळ नवे करावयास देताना जुन्या स्टाइलशीट आणि फॉन्टच्या फाइली कालबाह्य म्हणून पुसू देऊ नयेत. त्या मजकुराच्याच बरोबरीने, त्याच फोल्डरात, मूळ नावांनिशी जतन कराव्यात. आणि जे तरुण हे काम हाती घेतील त्यांना एवढेच सांगावयाचे की नवा नियम लिहिण्यापूर्वी जुने सर्व नियम ब्राउझरकडून वाचून घ्यावेत, त्यांतील कोणता कोणावर चालतो ते तपासावे आणि दुरुस्ती मुळापाशी करावी. आपल्या लिपीसाठी साचा घडविणारा कोणी दुसरा येईल म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. जो साचा हाती आला त्यात कोणता नियम आपल्या अक्षराला जाचतो हे हुडकण्याची साधने प्रत्येक ब्राउझरमध्ये विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि ती वापरणे ही मराठीत लिहिणाऱ्या व छापणाऱ्या प्रत्येक संस्थेची जबाबदारी आहे असे मी मानते.